मदत हवी आहे: पीआरसी२ची ट्रायमिथाइल खूण उमटत नाही

नमस्कार मंडळी. रिकॉम्बिनंट मानवी पीआरसी२वर, म्हणजे हिस्टोन एच३ या प्रथिनाला मिथाइल गट लावणाऱ्या एन्झाइम-कॉम्प्लेक्सवर काम करतेय. त्यातला मिथाइल लावणारा घटक ईझेडएच२, पण नुसता तो ढिम्म हलत नाही, सोबत ईईडी आणि एसयूझेड१२ हे घटक लागतातच, त्यामुळे कीटकपेशींत बनवलेलं तयार कॉम्प्लेक्सच वापरते. सबस्ट्रेट न्यूक्लिओसोम (हिस्टोनांभोवती गुंडाळलेला डीएनए), मिथाइल देणारा रेणू एसएएम.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) एच३के२७ (एच३मधलं २७वं लायसिन) मोनोमिथाइलचा, म्हणजे एका मिथाइलचा पट्टा १५-१७ केडीएला ठसठशीत येतो, डायमिथाइलचा बरा. ट्रायमिथाइल मात्र डोळे ताणले तरच दिसतो. जीन बंद ठेवण्याशी नातं आहे ते नेमकं त्याचंच! साधा ईझेडएच२ शेवटचा मिथाइल लावताना रेंगाळतो हे ठाऊक आहे (६४१व्या जागी बदल झालेला वाय६४१ म्युटंट तिथे सुसाट), पण इतका?

ट्रायमिथाइल पेप्टाइड ईईडीला चिकटून एन्झाइमला चालना देतं, म्हणून ते घालायचा विचार आहे. किती मायक्रोमोलर घालता? तेच पेप्टाइड ब्लॉटमध्ये अँटिबॉडी खाऊन टाकत नाही ना? रिअ‍ॅक्शन लांबवावी, तर साठणारा एसएएच (मिथाइल दिल्यावर एसएएमचा उरतो तो रेणू) उलट एन्झाइमलाच अडवतो, आणि एसएएम खोलीच्या तापमानाला टिकत नाही. मध्येच ताजा एसएएम घालून कुणी पाहिलंय का? बफरमधलं मीठ किती ठेवता? गाईड म्हणतात अँटिबॉडी बदल. मला नाही पटत, पेशींच्या अर्कात तीच झकास चालते.