मदत हवी आहे: आईची उपाशीपोटीची साखर २२४, रात्री झोपताना काय खायला द्यावं?

कृष्णाकाठ
आई ६९ वर्षांची, सांगलीत माझ्याकडेच असते. महिनाभर झाला, सकाळची साखर २०० च्या खाली यायलाच तयार नाही. आज २२४. रात्रीचा भात केव्हाच बंद केलाय. साडेसातला अर्धी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, बास. तरी हे असं. झोपताना असं काय द्यावं की रात्रभर साखर एका जागी राहील? दूध, बदाम, भिजवलेल्या मेथ्या, दालचिनी, प्रत्येक जण वेगळं सांगतो. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी आकडा खाली आलेला हवाय. प्लीज लवकर सांगा.

भाकरतुकडा
मेथ्याच. रात्री चमचाभर भिजत घालायच्या, सकाळी पाण्यासकट चावून खायच्या. मी तीन महिने केलं, १६० वरून १२५ वर आलो. सोबत रोज पाऊण तास चालणं.

नाना_नगरकर
औषध काय चालू आहे? गोळ्या की इन्सुलिन? तीन महिन्यांची सरासरी किती? झोपताना साखर किती असते? नुसत्या सकाळच्या आकड्यावरून कुणी काय सांगणार?

कृष्णाकाठ
औषधं नेहमीचीच आहेत काका, १२ वर्षं झाली मधुमेहाला. त्यात काही बदल नाही. मला फक्त खाण्याचं विचारायचंय.

दोनवेळा_जेवण
ताई, झोपताना काहीच देऊ नका. दिवसातून दोनदाच जेवण, तेही ५५ मिनिटांच्या आत, मध्ये फक्त पाणी किंवा पातळ ताक. मी दीक्षितांच्या पद्धतीने ११ किलो वजन कमी केलं आणि माझी गोळी सुटली. मधल्या वेळचं खाणं हेच सगळ्याचं मूळ आहे.

मी_रेवती
मला दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं जास्त पटतं. उपाशी राहिलं की मला चक्कर येते.

दोनवेळा_जेवण
सवय नसल्यामुळे येते. आठ दिवसांत जाते.

सुमेधा_परिचारिका
हा वाद दुसरीकडे घाला. इथे ६९ वर्षांच्या बाईंची औषधं काय आहेत तेच अजून कळलेलं नाही, आणि त्यांना उपाशी राहायला सांगताय? इन्सुलिन चालू असेल तर हा सल्ला जिवावर बेतेल. कृष्णाकाठ, 'नेहमीची' म्हणजे कोणती? नुसतं मेटफॉर्मिन असेल तर रात्री साखर उतरण्याची भीती फारशी नसते. ग्लिमेपिराइड (साखर जास्तच उतरवू शकणारी गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर सगळा विचारच वेगळा करावा लागतो. डबीवरचं नाव बघून लिहा.

कृष्णाकाठ
मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा. आणि मिक्स इन्सुलिन ३०/७०, सकाळी २० युनिट, संध्याकाळी जेवणाआधी १६. संध्याकाळचं आधी १२ होतं, दीड महिन्यापूर्वी सकाळची साखर १९० आली म्हणून वाढवलं.

नाना_नगरकर
अहो, मग बदल नाही कसं म्हणता? डोस १२ चा १६ झालाय. आणि भात कधी बंद केला?

कृष्णाकाठ
त्याच आठवड्यात. आकडा बघून मीच बंद केला.

सुमेधा_परिचारिका
म्हणजे इन्सुलिन वाढलं आणि त्याच आठवड्यात ताट निम्मं झालं. मी वीस वर्षं मेडिसिन वॉर्डात काम केलंय, म्हणून नेमकं विचारते. मिक्स इन्सुलिनमधला लांब चालणारा भाग टोचल्यापासून चार-पाच तासांनी जोरात यायला लागतो. सातला टोचलं तर मध्यरात्री ते पहाटे दोन-तीन. तेव्हा पोटात अर्धी भाकरी. आईंना रात्री घाम येतो का? घाबरल्यासारखं होतं? वाईट स्वप्नं? सकाळी डोकं जड? उशीचा अभ्रा ओला असतो का?

टेक्सासकर
दंडावर लावायचा सेन्सर घ्या, १४ दिवस रात्रंदिवस आलेख मिळतो. माझ्या सासऱ्यांना लावला तेव्हा रात्री काय होतं ते कळलं. इकडे इन्शुरन्समधून मिळतो, तिकडे काय भाव आहे माहीत नाही.

भाकरतुकडा
भारतात खिशातून भरावे लागतात हो. मशीनवर साखर मोजायच्या साध्या पट्ट्यांचंच बिल बघा आधी.

कृष्णाकाठ
सुमेधाताई, अभ्रा ओला असतो. मी समजत होते उन्हाळा आहे, पंखा पुरत नाही. आणि एक गोष्ट लिहिली नव्हती. शेंगदाणा-गुळाच्या लाडवांचा डबा तिच्या खोलीत असतो, नातवंडांसाठी. त्यातले लाडू कमी होतात. परवा मी तिला खूप बोलले, इथे आम्ही भात सोडलाय आणि तू रात्री उठून लाडू खातेस म्हणून. ती म्हणाली, "छातीत धडधडतं, हात कापतात, खाल्ल्यावर बरं वाटतं." मी म्हटलं, ही सबब आहे. डबा उचलून माझ्या कपाटात ठेवला.

सुमेधा_परिचारिका
डबा नंतर बघू. आजच तिच्या उशाशी साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा आणि रात्री तीनचा गजर लावा. साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी परत मोजा. त्या वेळी लाडू किंवा पेढा नको. शेंगदाण्याच्या आणि तुपाच्या स्निग्धांशाने गूळ हळू चढतो. म्हणून एकाने बरं वाटत नाही, माणूस दोन-तीन खातो, आणि ते सगळं सकाळपर्यंत चढत राहतं. तुमचा २२४ कदाचित तिथूनच येतोय. बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

नाना_नगरकर
याला सोमोग्यी परिणाम म्हणतात. रात्री उतरली की लिव्हर साखर सोडतं आणि सकाळी उलट जास्त दिसते.

सुमेधा_परिचारिका
नाना, नाव बरोबर आहे, पण सकाळच्या वाढलेल्या साखरेचं ते नेहमीचं कारण आहे असं आता मानत नाहीत. पहाटे हार्मोन्समुळे साखर आपसूक वाढते, किंवा रात्रीचं इन्सुलिन संपलेलं असतं. तीनच्या आकड्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही. तो जास्त आला तर उपाय अगदी उलटा.

यंत्रवाला
आधी मशीन तपासा. पट्ट्यांची तारीख? बाटलीचं झाकण उघडं राहतं का? फळ कापून तसंच बोट टोचलं तर माझ्याकडे २६० आला होता, हात धुऊन १४०.

कृष्णाकाठ
रात्री ३:१० ला ५८.

मी मोबाइलच्या उजेडात बोट टोचलं, ती जागी झाली नाही. हात गार आणि ओलसर, गाऊन पाठीला चिकटलेला. हलवलं तेव्हा मला मावशीच्या नावाने हाक मारली. उठवून बसवलं, साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. १५ मिनिटांनी ८४. मग कपभर दूध आणि भाकरीचा तुकडा. तेव्हा कुठे तिने विचारलं, "तू अजून जागी का गं?"

आज शुक्रवारची वाट न बघता फोन केला. डॉक्टरांनी संध्याकाळचं परत १२ वर आणलंय, क्रिएटिनिन करायला सांगितलंय, कारण किडनी थकली असेल तर इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं. रात्री एक पूर्ण भाकरी आणि वाटीभर आमटी द्यायला सांगितली. मी त्यांना लाडवांबद्दल कधीच बोलले नव्हते, त्यांनाही माझ्यासारखाच सकाळचा आकडा दिसत होता.

सुमेधा_परिचारिका
बरं केलंत. आता तुमचा मूळ प्रश्न. झोपताना साखर १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर कपभर दूध, किंवा मूठभर फुटाणे आणि अर्धी पोळी. १८० असेल तर काहीच नको. पण जास्तीचं इन्सुलिन खाण्याने झाकत बसायचं नाही, ते डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचं. आणखी काही दिवस तीनला मोजा. ब्लड प्रेशरची गोळी कोणती ते पण बघा. काही गोळ्यांनी धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो.

कृष्णाकाठ
ॲम्लोडिपिन आहे.

सुमेधा_परिचारिका
मग त्याची काळजी नाही.

मी_रेवती
उपवासाचं कसं करता? माझ्या सासूबाई चतुर्थीला दिवसभर साबुदाणा खातात आणि इन्सुलिन तेवढंच घेतात.

दोनवेळा_जेवण
कृष्णाकाठताई, इन्सुलिनचं आधी कळलं असतं तर मी तसं लिहिलं नसतं. न विचारता सांगितलं, माफ करा.

कृष्णाकाठ
अहो, मीच लिहिलं नव्हतं. रेवती, आमच्याकडे पुढच्या आठवड्यात संकष्टी आहे, आई उपवास सोडायला तयार नाही, चंद्रोदय रात्री उशिरा. त्या दिवशी संध्याकाळचं इन्सुलिन कधी घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून इथेच लिहिते. काल रात्री तीनला ११२ होती. लाडवांचा डबा तिच्या खोलीत परत ठेवलाय.