पान २५ वर वादळ आणलं, पण हिरो अजून झोपलेलाच वाटतो

केळीचं_पान

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

मी यावल तालुक्यातला. पहिलीच फीचर स्क्रिप्ट, अडीच वर्षं नोकरी सांभाळून रात्री रात्री लिहिली, ९४ पानं झालीत. गोष्ट थोडक्यात अशी की निलेश पुण्यात आयटीत, वडील सुपडूअण्णा गावी दोन एकर केळी सांभाळतात, दोघांत बोलणं फक्त फोनवर आणि तेही "पैसे पोचले का" एवढंच. पान २५ ला वादळ येतं, बाग पडते, निलेश गावी येतो. पान ४७ ला, म्हणजे बरोब्बर अर्ध्यावर, त्याला कळतं की अण्णांनी सोसायटीचं कर्ज लपवलंय. पान ७१ ला अण्णांना अटॅक, हॉस्पिटल. पान ९० ला निलेश गावातच राहायचं ठरवतो.

थ्री ॲक्टचा, म्हणजे सुरुवात-मध्य-शेवट अशा तीन भागांचा, तक्ता भिंतीला चिकटवून लिहिलंय, एक पॉइंट इकडचा तिकडे नाही. धुळ्यात नाटक करणारा एक मित्र आहे त्याला वाचायला दिली. त्याने एवढंच सांगितलं, "तुझा निल्या प्रत्येक ठिकाणी गोष्ट होऊन गेल्यावर पोचतो, एसटी चुकल्यासारखा." दोन दिवस राग होता, मग परत वाचली तर खरंच तसं आहे यार.

तर प्रश्न हा की स्ट्रक्चर आधी पक्कं करून पात्रं त्यात बसवायची की पात्रं आधी? मी निलेशचा तीन पानी बायोडाटा पण लिहून ठेवलाय, दहावीचे मार्क, आवडता रंग, पहिली गाडी कोणती, सगळं. पण त्यातलं स्क्रिप्टमध्ये काहीच येत नाही, जागाच मिळत नाही.

चोपडा_ते_अंधेरी

आवडता रंग फेकून दे आधी 😄

पान २५ चं वेड कुठून आलं ते सांगतो. सिड फील्ड नावाच्या अमेरिकन माणसाने १९७९ मध्ये पटकथेवर पुस्तक लिहिलं, त्यात पहिला प्लॉट पॉइंट, म्हणजे गोष्टीला वळण देणारी जागा, साधारण पान २५ ते २७ आणि दुसरा ८५ ते ९० असं होतं. पण तो हिशोब १२० पानांचा, एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट धरून. तुझी स्क्रिप्ट ९४ ची. म्हणजे तक्ताच पाळायचा तर तोही नीट पाळलेला नाहीस. असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा हा की वादळ हा प्रसंग आहे, वळण नाही. वादळ सगळ्या गावावर आलं. निलेशच्या जागी त्याचा चुलतभाऊ ठेव, त्याच्या जागी शेजारच्या गल्लीतला कुठलाही पुण्याला गेलेला पोरगा ठेव, पान २५ ते ९० मधलं काय बदलेल? काहीच नाही ना, बाग पडणार, कर्ज कळणार, म्हातारा ॲडमिट होणार. मग ते स्ट्रक्चर निलेशचं नाही, ते कोणाचंच नाही, नुसता मांडव आहे, नवरदेव कोणीही येऊन बसू शकतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, पटलं तर घे. चार कार्ड घे, तुझ्या चार पॉइंटची. प्रत्येकावर वर लिही काय झालं. खाली लिही मग निलेशने असं काय केलं जे दुसऱ्या कोणी केलं नसतं. तुझ्या पोस्टवरून सांगतो, खालची ओळ तीन कार्डांवर कोरी राहील. "येतो", "कळतं", "ॲडमिट होतात". यात निल्या काही करतोय का? शेवटच्या कार्डावर "ठरवतो" आहे, पण ९० पानं काही न केलेला माणूस एकदम ठरवतो कसा?

आणि बायोडाटाऐवजी एकच वाक्य लिही, निलेशचा कशावर पक्का विश्वास आहे आणि तो कुठे चुकतोय. तुझ्या पोस्टमध्येच ते पडलंय, तुला दिसलं नाही. "पैसे पोचले का." म्हणजे त्याला वाटतं पैसे पाठवले की मुलगा म्हणून आपलं काम झालं. आता यावर पूर्ण पिक्चर उभा राहतो बघ. पहिल्या भागात हा समज कामाला येतो, पैसे पाठवले की खरंच प्रश्न सुटतात. मग अशी वेळ आण की पैसा आहे पण चालत नाही. मग अशी की त्याच समजापायी तो काहीतरी वाईट करून बसतो. कर्जाचं "कळणं" नको, त्याने काहीतरी करणं पाहिजे.

धुळेकर_मास्तर

वरच्यांशी सहमत, फक्त हे सगळं अमेरिकेतून आलं असं कृपया समजू नका. मी कॉलेजात शिकवतो त्यामुळे सवय आहे, थोडं लेक्चर होईल.

नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितलेत, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. हे झालं तुमचं स्ट्रक्चर. पण त्याच्या जोडीला पाच अवस्था आहेत, आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. आणि या अवस्था नुसत्या घटनांच्या नाहीत, फळाच्या मागे लागलेल्या माणसाच्या कार्याच्या आहेत. आरंभ म्हणजे काय, तर गोष्ट सुरू झाली एवढंच नाही, नायकाला फळाची उत्सुकता लागली. यत्न म्हणजे फळ दिसत नाही तरी धावपळ. प्राप्त्याशा म्हणजे मिळेल मिळेल वाटतंय पण शंका आहे. पुढे दहाव्या शतकात धनंजयाने दशरूपक या नाटकावरच्या ग्रंथात एकेका संधीला एकेक अवस्था जोडूनच टाकली. म्हणजे स्ट्रक्चर आधी की पात्र आधी हा तुमचा प्रश्न त्याने हजार वर्षांपूर्वी निकालात काढला, दोन्ही एकच दोरी, दोन बाजूंनी धरलेली.

ॲरिस्टॉटल मात्र सरळ कथानकाला पहिला मान देतो, पात्रांना दुसरा. त्यावर मुलं परीक्षेत पानंच्या पानं लिहितात, मला त्यात आता रस राहिला नाही.

तुमच्या कामाचं सांगतो, विमर्श संधी. तिथे नायक अडतो, विचारात पडतो, आणि दशरूपकात त्याची कारणं तीन दिलीत, क्रोध, व्यसन म्हणजे इथे संकट, आणि विलोभन म्हणजे मोह. तुम्ही वादळ आणि अटॅक, दोन्ही वेळा संकटच वापरलंय. राग नाही, मोह तर नाहीच. निलेशला मोहात पाडा की एकदा.

बतावणी

मी जरा उलटं बोलू का. हा जो "हिरो बदललाच पाहिजे" चा नियम आहे ना त्याने हल्ली सगळ्या स्क्रिप्ट एकसारख्या झाल्यात, पहिल्या सीनला माणूस वाईट, शेवटच्याला चांगला, मध्ये एक गाणं.

माझे आजोबा तमाशात सोंगाड्या होते. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. जुन्या वगाला लिहिलेली संहिता नसायचीच बऱ्याचदा, कथा सगळ्यांना माहीत, कुठून कुठे जायचं ते ठरलेलं, बाकी संवाद उभ्या उभ्या मंचावर. आजोबा सांगायचे की राजा कोण करतोय त्यावर वग तासाने लांबायचा किंवा आखूड व्हायचा. एक राजा करणारा भयंकर तापट होता, तो शिक्षा लगेच सुनवायचा, मग मधली सगळी गंमत गेली म्हणून सोंगाड्याने त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. आता सांगा स्ट्रक्चर कोणी ठरवलं?

आणि सोंगाड्या रात्रभर बदलत नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच, त्याला धडकून बाकीचे बदलतात. तुझ्या गोष्टीत सुपडूअण्णा तसा आहे असं मला वाटतंय. त्याला बदलवू नको आणि हॉस्पिटलात पण नको टाकू, मराठी पिक्चरमधले अर्धे बाप सलाईन लावूनच पोराला माफ करतात. त्याला उभा ठेव आणि निल्याला त्याच्यावर आपटू दे.

रावेरचा_बागवान

मला स्क्रिप्टमधलं काही कळत नाही, केळी कळते. सिनेमावाल्यांना वादळ म्हणजे नुसता पाऊस आणि विजा वाटतात म्हणून लिहितो.

आमच्याकडे मे-जूनचं वादळ, तेव्हा मृगबागेचे, म्हणजे मृगात लावलेल्या केळीचे, घड भरलेले असतात, एकेका झाडावर वीस-पंचवीस किलो वजन, वारा आला की सरळ आडवं. पाच बाय पाच फुटावर लावली तर एकरी साडेसतराशे झाडं बसतात, तुझे दोन एकर म्हणजे साडेतीन हजार. वादळानंतर लगेच तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला येतात. सरकारी मदत मिळायला नुकसान ३३ टक्के तरी पाहिजे. ३२ झालं तर काही नाही. या एका आकड्यावर आमच्याकडे काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही 🙂 मास्तर मोह म्हणाले म्हणून आठवलं.

हिशोब करून देतो, साडेतीन हजाराचे ३३ टक्के म्हणजे ११५५. समजा अकराशे पडली. पंचावन्न कमी, साठच धर.

अजून एक, यावल-रावेरला अण्णा अहिराणी बोलणार नाही, लेवा बोली बोलेल. "काय करू ऱ्हायला रे भो" असं. पिक्चरवाले आख्ख्या खान्देशाला एकच भाषा वाटून देतात.

केळीचं_पान

बागवानभाऊ तुम्ही काय दिलंत तुम्हाला माहीत नाही!! रात्रभर झोपलो नाही. लिहितो तसं वाचा, कच्चं आहे.

अकराशे पडलीत. निलेश लॅपटॉपवर हिशोब काढतो, अण्णांना म्हणतो साठच तर आहेत, अकराशे साठ सांगू. अण्णा म्हणतात जेवढी पडली तेवढी सांगायची. विषय बंद. निलेश म्हणतो मग मी देतो पैसे, किती होतात ते सांगा, अण्णा उठून निघून जातात, म्हणजे पैसा आहे पण चालत नाही. मग रात्री निलेश एकटा बागेत जातो आणि साठ झाडं ढकलून पाडतो. हे माझं नवं पान ४७. ॲक्सिडेंट नाही, कोणी सांगितलं नाही, त्याने केलं. आणि मजा म्हणजे त्याच्या मते तो बापाची मदतच करतोय!

सकाळी शर्टावर केळीचा डाग दिसतो आणि अण्णांना कळतं. चालेल?

रावेरचा_बागवान

डागाने नाही कळणार. आमच्याकडे कोणाचा शर्ट बिनाडागाचा आहे? निल्याचा पुण्याचा पांढरा शर्ट असेल तर गोष्ट वेगळी. केळीचं पाणी ताजं असताना पाण्यासारखंच दिसतं, अंधारात तर काहीच नाही, वाळलं की तपकिरी-काळं पडतं आणि मग शर्ट फाटेल पण डाग जाणार नाही. म्हणजे रात्री त्याला वाटेल काही लागलं नाही, आणि सकाळी तलाठ्यासमोर उभा असेल तेव्हा दिसेल. घाईत एकच शर्ट घेऊन आलेला दाखव.

पण अण्णाला त्याच्या आधीच कळेल. वादळाने पडलेली झाडं सगळी एकाच अंगाला पडतात, वारा ज्या बाजूला गेला त्या बाजूला. तुझ्या पोराने अंधारात साठ झाडं कुठल्या बाजूला पाडली?

चोपडा_ते_अंधेरी

अरे बाप रे.

केळीचं_पान, हे वाचलंस का नीट? शेतात वाढलेला पोरगा असता तर त्याने वाऱ्याच्या बाजूलाच पाडली असती. निल्याने कुठेही पाडली कारण त्याला बाग माहीतच नाही, दहा वर्षं तो फक्त पैसे पाठवत होता. तुझा तीन पानी बायोडाटा एका शॉटमध्ये आला, एकही संवाद न लिहिता. सकाळ, वरून बाग, सगळी झाडं पूर्वेला झोपलेली आणि मध्येच साठ झाडं वाकडीतिकडी. अण्णा बांधावर उभा. यात स्ट्रक्चर कुठे संपलं आणि पात्र कुठे सुरू झालं ते मला दाखव, मी तुला भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर चहा पाजतो.

फक्त अण्णा पंचनाम्यात काय बोलतो ते आम्हाला विचारू नको. ते तुझं तू शोध.

धुळेकर_मास्तर

सुरुवातीचा फोन विसरू नका. "पैसे पोचले का" हे वाक्य शेवटी अण्णांच्या तोंडी येऊ शकतं. सुचलं म्हणून लिहिलं, नसेल जमत तर सोडा.

बतावणी

नको मास्तर, फार गोड होईल.

केळीचं_पान

मला पण गोडच वाटतंय मास्तर, सॉरी 🙏 पण फोन आधीच्या भागात वाढवतो.

पंचनामा लिहिला काल. अण्णा आकडा सांगत नाहीत. तलाठ्याला म्हणतात, "पोऱ्याले इचारा, त्यानं मोजले." आणि सगळे निलेशकडे बघतात, त्या शर्टासकट. आता तो काय सांगतो तिथे अडकलोय, दोन्ही लिहून बघतोय. अटॅक काढून टाकला, हॉस्पिटलची सगळी १४ पानं गेली, त्यामुळे पान ७१ ला आता मोठ्ठं भगदाड आहे.

रावेरचा_बागवान

त्या साठ घडांचं काय केलं ते नाही दाखवलं. वादळात पडलेला माल आणि पाडलेला माल, दोन्ही जमिनीवर, उन्हात फार टिकत नाही. भरलेले असतील तर वेफरवाला कमी भावात उचलेल, कोवळे असतील तर ढोरांपुढे. कोणाला तरी खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणावेच लागतील.

केळीचं_पान

मजूर नाही लावणार अण्णा. निल्यालाच वाहायला लावतील, साठच्या साठ. आणि स्वतः बांधावर बसून मोजतील.

भाऊ, पान ७१ मिळालं. लिहून आलो.