मदत हवी आहे: रसायनांचा वास अजिबात सोसत नाही, घरात फरशी कोणती आणि कशी घालावी?

नमस्कार मंडळी,

घरची फरशी बदलायची वेळ आली आहे. बांधकामातले जाणकार आणि माझ्यासारखा त्रास असलेले, दोघांचाही सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

ऑइलपेंट, थिनर, फिनाईल, रूम फ्रेशनर, नवीन प्लायवूड यांतलं काहीही जवळपास असलं की माझी छाती आवळते, डोकं ठणकायला लागतं आणि बोलताना शब्द सुचेनासे होतात. वास गेल्यावरही पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. याला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. याची ठरावीक अशी तपासणी नाही आणि डॉक्टरांमध्येही याबद्दल मतभेद आहेत. तो वाद इथे नको, एवढी विनंती. मला या घरात श्वास घेता आला पाहिजे, बस.

घर सांगलीत आहे, बैठं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत आलं होतं. तेव्हापासून जुनी मोझॅक फरशी जागोजागी बसली आहे, काही फरश्या पोकळ वाजतात आणि मागच्या खोलीत भिंतीच्या कडेने वाळवी लागली आहे. खालचा भराव खचल्यामुळे डागडुजीने भागणार नाही, असं गवंडीकाका म्हणतात. सगळं मिळून पाचशे-साडेपाचशे चौरस फुटांचं काम आहे.

लॅमिनेट मी पहिल्यांदाच बाद केलं. वरून लाकूड दिसतं, पण आतला गाभा लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेला असतो, आणि तो डिंक बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू सुटत राहतं. उन्हाळ्यात आणि दमट हवेत जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. पाकिटावर 'ई-वन' किंवा 'ई-झिरो' लिहिलेलं असलं तर प्रमाण कमी असतं, शून्य नसतं. शिवाय पुन्हा पाणी आलं तर ते फुगून वर येणार. व्हिनाइलमध्ये पीव्हीसी असतं, मऊ प्रकारात प्लास्टिसायझर घातलेले असतात, आणि शीट चिकटवायची तर सोल्युशन आलंच. एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून केलेल्या, पट्ट्या एकमेकींत अडकवता येतात, चिकटवाव्या लागत नाहीत, म्हणून दुकानदार त्याच घ्या म्हणत होता. त्याने नवं खोकं उघडलं आणि मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

उरलं ते दगड, सिमेंट आणि भाजलेली टाइल. इथेच मी अडकले आहे.

व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंशांवर भाजलेली असते. तिला स्वतःचा वास नाही, माझा तिच्याबद्दल काहीच आक्षेप नाही. पण ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे साध्या सिमेंट-वाळूच्या मालावर तिची पकड नीट बसत नाही आणि पॉलिमर मिसळलेलं अॅडेसिव्ह वापरा असं सगळे सांगतात. सांध्यांसाठी इपॉक्सी ग्राउट सुचवतात. त्याच्या हार्डनरमध्ये अमाइन्स नावाची उग्र वासाची रसायनं असतात, आणि ओलं असताना त्याचा वास मला शेजारच्या घरात काम चालू असतानाही सोसला नव्हता. म्हणजे टाइल निर्दोष, पण तिला धरून ठेवणारं आणि तिच्या फटीत भरलेलं मला चालत नाही.

कोटा किंवा शहाबादीचं तसं नाही. दोन्ही चुनखडीचे दगड, खालून खरबरीत, साध्या मालावर पिढ्यानपिढ्या बसवले गेलेले. सांधे सिमेंटमध्येच रंग मिसळून भरता येतात. माझा कल इकडेच आहे. काळजी आहे ती वरच्या कामाची. पॉलिशवाले म्हणतात, दगड घासून झाला की सीलर मारतो, नाहीतर डाग पडतील. तो सीलर थिनरसारख्या सॉल्व्हंटचा निघाला तर एवढा सगळा विचार वाया. एक पॉलिशवाला टर्पेंटाइनमधलं मेण लावतो म्हणाला, तेही नको. ग्रॅनाइट आणि मार्बलच्या बऱ्याच लाद्यांना कारखान्यातच इपॉक्सी रेझिन भरून मागे जाळी चिकटवलेली असते, हे आधी माहीत नव्हतं. मार्बल घेणाऱ्यांनी लादी उलटी करून बघावी.

आणि वाळवी. पेस्ट कंट्रोलवाल्याने फरशी उखडल्यावर जमिनीत क्लोरपायरिफॉस नावाचं कीटकनाशक सोडायचं सुचवलं आहे. खाली एकदा ते मुरलं की वर मी कुठलाही दगड घातला तरी काय उपयोग? घरातल्यांना वाळवीची भीती आहे आणि ती खरीच आहे, चौकटी पोखरल्या गेल्यात. सासूबाई म्हणतात, पूर्वीसारखं सारवून घ्या. त्यांच्या माहेरी तसंच होतं आणि मला सारवलेल्या जमिनीचा कधी त्रास झाला नाही हेही खरं. पण दरवर्षी पुराची धास्ती असलेल्या घरात ते कसं निभावणार?

तर विचारायचं हे: कोट्याला सीलर न मारता, नुसता पाण्यावर बारीक घासून, कुणी बरीच वर्षं वापरला आहे का? हळद-तेलाचे डाग किती पडतात? स्वयंपाकघरात चालेल का? लाल कोबा, म्हणजे रेड ऑक्साइडचा, अजून नीट करणारे कारागीर सांगली-कोल्हापूर-कोकण पट्ट्यात आहेत का? जोडाला तडे जाण्याची भीती वाटते, पण तिथे सिमेंट आणि लोहाचा रंग यांपलीकडे काही नसतं, हे फार आकर्षक वाटतं. आणि वाळवीसाठी जमिनीत औषध न सोडता काय करता येतं?

नमुना तपासायची माझी पद्धतही सांगते, कुणाला उपयोग होईल. फरशीचा तुकडा, त्याच्यावर लावायचा तोच माल, तेच सांधे भरायचं सिमेंट, सगळं एकत्र करून पूर्ण वाळू देते. मग स्वच्छ काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावून उन्हात ठेवते. आधी यजमान वास घेतात, मग मी लांबून. त्यात निभावलं तर तुकडा रात्री उशाशी. सुटा तुकडा तपासून काही कळत नाही, खरा त्रास देतो तो जोडीला आलेला पदार्थ.

भर: इतक्या लवकर इतकी उत्तरं आली, मनापासून आभार. वाळवीबद्दल दोघांनी सांगितलं की जमिनीवर फवारणी न करता घराबाहेर आमिषाची डबी पुरता येते, आणि भरावावर चांगलं दाट काँक्रीट घालून भिंतीलगतची फट बुजवली तर वाळवीचा रस्ताच कमी होतो. हे पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोलून बघते. चौकटी सागवानी आहेत, पोखरलेला भाग कापून बदलू.

अॅसिडचा मुद्दा ज्यांनी काढला त्यांचे विशेष आभार. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अॅसिडने फरशी धुतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याच्या वाफा मला सोसणार नाहीतच, आणि कोटा-शहाबादी चुनखडीचे असल्यामुळे अॅसिडने दगडही खाल्ला जातो. गवंडीकाकांना लेखी देणार आहे: अॅसिड नाही, फिनाईल नाही, सांडलेला माल ओला असतानाच फडक्याने पुसायचा, दगड पाण्याखालीच कापायचा.

आता राहिला प्रश्न स्वयंपाकघराच्या सांध्यांचा. सिमेंटचे सांधे तेलाने काळे पडतात, असं जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं आहे. सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं, पाण्यात मिसळलेलं हार्डनर सांध्यांवर कुणी मारलं आहे का? ते सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून घट्ट होतं आणि त्यात सॉल्व्हंट नसतं, एवढं वाचलं आहे. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी लिहा, विशेषतः लावल्यानंतर वास किती दिवस येत होता ते.