टीमला कोच कोण आणावा? लवकर सांगा, रविवारी बैठक आहे

राइटबॅक_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या टीमला नवीन कोच पायजे. दोन नावं पुढं आल्यात. एक पेठेतलेच, आमचे जुने सेंटर हाफ, सगळे अण्णाच म्हणतात. दुसरे गोव्याचे, लायसन्सवाले. तालमीत दोन तट पडलेत. थोरली मंडळी अण्णा म्हणतात, पोरं गोवा म्हणतात. ज्यांना फुटबॉलमधलं कळतं त्यांनीच सांगा, कुणाला आणावं? "आधी मुलांना मोबाइलपासून लांब ठेवा" असलं काय नको.

ठाणेकर_युनायटेड
कोणती टीम, कोणता गट, मागच्या सीझनला कितवे आलात? काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरला नुसतं "दुखतंय" सांगून औषध मागताय.

राइटबॅक_कोल्हापूर
सिनियर टीम. आणि कुठली असणार?

सदाशिव_ऑफसाइड
तालीम म्हणजे कुस्तीची ना? तिथे फुटबॉलचा कोच कशाला?

रंकाळ्याचा_वारा
पुणेकर, थांबा जरा. कोल्हापुरात तालीम म्हणजे आखाडा, गणपती, पेठेचं भांडण आणि फुटबॉलची टीम, सगळं एकाच पत्त्यावर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं आहेत आणि टीमांचीपण. के.एस.ए.च्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात सोळा टीम खेळतात. मोठी मॅच असली की शाहू स्टेडियमची कट्ट्यावरची जागा मिळवायला लोक जेवण उरकून दुपारीच येऊन बसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच मातीतला.
आणि राइटबॅक भावा, तालमीचं नाव टाक की. कळू दे तरी.

राइटबॅक_कोल्हापूर
नाव टाकणार नाही. मागं एकदा एका ठिकाणी दोन ओळी लिहिल्या, तासाभरात त्याचा स्क्रीनशॉट समोरच्या पेठेच्या ग्रुपवर.

रंकाळ्याचा_वारा
जर्सीचा रंग तरी?

राइटबॅक_कोल्हापूर
रंग सांगितला की नाव सांगितल्यागतच झालं. कोच सांगा कोच.

हिशेबी_काका
क्लबला मॅनेजर हवा असल्यास माझ्या भाच्याने हॉटेल मॅनेजमेंट केले आहे. अनुभव ४ वर्षे. कोल्हापुरात यायची तयारी आहे. राहण्याची सोय करावी लागेल.

ठाणेकर_युनायटेड
काका 😄
राइटबॅक, माझं मत सरळ आहे. जो आणाल त्याला वेळ द्या. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून आला. पहिला कप १९९० ला आणि पहिली लीग थेट १९९३ ला. १९८९ मध्ये त्याला घरी जा म्हणून सांगणारा फलक त्याच्याच मैदानात लागला होता. तेव्हा काढला असता तर पुढच्या तेरा लीग कुठून आल्या असत्या? म्हणून म्हणतो, अण्णांना आणा आणि पाच वर्षं हात लावू नका.

सदाशिव_ऑफसाइड
युनायटेडवाल्यांनी "वेळ द्या" शिकवावं म्हणजे कहर आहे. मोयेसला सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत कुणी घालवलं? त्यानंतर व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशायर, राग्निक, टेन हाग. तुमच्याकडे कोचची खुर्ची आहे की एसटीची खिडकी?

ठाणेकर_युनायटेड
तुम्ही आर्सेनलवाले दिसता.

सदाशिव_ऑफसाइड
मी कुठलाच नाही. मी फक्त बघतो. मुद्दा असा की इंग्लंडचा कोच ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्स क्लबला ४४ दिवस टिकला. तोच माणूस नॉटिंगहम फॉरेस्टला गेला आणि १९७९ व १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप घेऊन आला. माणूस तोच, डोकं तेच. फरक एवढाच की लीड्सला त्याचा जोडीदार पीटर टेलर सोबत नव्हता, फॉरेस्टला होता. कुणाला आणायचं याच्याइतकंच कुणाबरोबर आणायचं हेही बघा. अण्णा आणि गोवेकर दोघांनाही घ्या. एक पोरांना सांभाळेल, दुसरा डाव मांडेल.

राइटबॅक_कोल्हापूर
अण्णा कुणाच्या हाताखाली काम करणार नाहीत. आणि गोव्याचे लायसन्सवाले, ते तरी अण्णांच्या हाताखाली कशाला राबतील? पैसेपण दोघांचे नाहीत.

गोंयकार_हांव
भाऊ, "लायसन्सवाले" म्हणजे कुठलं लायसन्स? डी, सी, बी, ए, की प्रो? आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिथल्या हेड कोचला प्रो लागतं, ते घेऊन कोणी तुमच्याकडे तीन महिन्यांसाठी येणार नाही. सी असेल तर तसं सांगा. आणि गोव्याचा म्हणजे चांगलाच, असं काही नसतं बाबा. आमच्याकडे वाड्यावाड्यावर एक कोच आहे, अर्धे दुपारी झोपतात.
पण गावच्या माणसाला कमी समजू नका. आर्मांदो कोलासो गोव्याचाच, त्याने धेंपो क्लबला पाच वेळा देशाचा चॅम्पियन केला. बाहेरून आणलेला साहेब नव्हे.
तुमचा गोवेकर येणार असेल तर एक विचारून ठेवा, मासळी रोज मिळणार का? नाहीतर पंधरा दिवसांत परत जाईल.

रंकाळ्याचा_वारा
मासळी? पांढरा रस्सा दाखवा त्याला, गोवा विसरेल.

गोंयकार_हांव
पांढरा रस्सा चांगलाच. पण रोज?

रंकाळ्याचा_वारा
रोज म्हणजे? दोन्ही वेळेला.

निळू_कूपरेज
पाणी वेगळीकडेच चाललंय. देशी की बाहेरचा, हा वाद तर भारताच्या टीमनेपण घातला. वर्षानुवर्षं परदेशी कोच, आणि शेवटी ऑगस्ट २०२५ ला खालिद जमीलला आणलं. हाच खालिद आमच्या मुंबई एफसीला कित्येक वर्षं होता. तिथं त्याला बचावखोर म्हणून नावं ठेवायचे. मुंबई सुटली आणि पुढच्याच सीझनला, २०१६-१७ ला, त्याने मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची लीग, जिंकून दिली. तो क्लब आदल्या वर्षी खाली गेला होता, नंतर परत आत घेतलेला. ना पैसा, ना मोठी नावं. तुम्हाला खालिदसारखा माणूस पाहिजे.

राइटबॅक_कोल्हापूर
खालिद जमील आमच्या यादीत नाही. दोनच नावं आहेत. दोन.

मैदानवाली
मी इथेच शाळेतल्या मुलींच्या टीमला शिकवते, डी लायसन्स आहे. राइटबॅक, तुम्ही एक गोष्ट सांगितलीच नाही. आधीचा कोच का गेला? आणि तुमच्याकडे अकरा जण कोण ठरवतं?

राइटबॅक_कोल्हापूर
वैयक्तिक कारणामुळं गेले. अकरा कोचच ठरवतो, आणि कोण ठरवणार.

मैदानवाली
आठवड्यातून प्रॅक्टिस किती? त्याला किती जण येतात?

राइटबॅक_कोल्हापूर
रोज सकाळी असते. येतात की. सीझन जवळ आला की येतात.

ठाणेकर_युनायटेड
"सीझन जवळ आला की" 😄 सापडलं दुखणं.

पिंडरी_तज्ज्ञ
सकाळी थंड अंगाने पळू नका. आधी दहा मिनिटं वॉर्म-अप, मग स्ट्रेचिंग. बूट मैदान पाहून घाला. पोटरी धरली तर बर्फ लावा, तेल चोळू नका. कोणाला बुटांबद्दल विचारायचे असल्यास विचारा.

सदाशिव_ऑफसाइड
कुणीही विचारलेलं नाही.

शिट्टीवाले_आजोबा
मी काही वर्षे पंच म्हणून काम केले आहे, शाहू स्टेडियमवरही. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून फक्त वाचतो. मैदानावरून जे दिसते ते कट्ट्यावरून दिसत नाही, म्हणून लिहितो.
मध्यांतरात मी पाण्याची बाटली घेऊन कडेला उभा असे आणि दोन्ही टीमांकडे पाहत असे. एका टीमचे खेळाडू गोल करून बसलेले, लिंबू चोखत. मधोमध कोच, हातात बुटाचा डबा, त्यावर खडूने काढलेले मैदान. तो तोंड उघडणार इतक्यात मागून एक पदाधिकारी, मग दुसरा, मग जर्सीचे पैसे दिलेले गृहस्थ. "विंगनं खेळा." "लांब मारा, लांब." "त्या नायजेरियनला बॉल द्या, बाकी कुणी काय करू नका." मी शिट्टी तोंडाला लावली तेव्हा कोच डबा काखेत घेऊन उभा होता. त्याचे अजून काही बोलणेच झाले नव्हते.
भारताच्या टीमचे जुने कोच रहीम साहेब हैदराबादचे शाळामास्तर. १९५१ आणि १९६२, दोन एशियाडची सुवर्णपदके त्यांच्या काळातली. जकार्तात १९६२ ला जर्नेल सिंग हा बचावातला खेळाडू, डोक्याला टाके पडलेले. रहीम साहेबांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात पुढे आक्रमणात लावला. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. डोक्याला पट्टी बांधलेल्या बॅकला फॉरवर्ड करायचा ठराव कुठल्या कमिटीत मंजूर झाला असता?
अण्णा की गोवा हे मी सांगू शकत नाही. मैदानवाली ताईंनी विचारले त्याचे खरे उत्तर द्या.

रंकाळ्याचा_वारा
आजोबा, दंडवत. तो बुटाचा डबा आमच्या पेठेतपण होता.

निळू_कूपरेज
मग सभासदांनी मतदान करून कोच निवडावा. बार्सिलोनात करतात तसं.

सदाशिव_ऑफसाइड
बार्सिलोनात सभासद अध्यक्ष निवडतात, कोच नाही. कोच अध्यक्ष आणतो, आणि हरला की शिव्या दोघांना. तालमीत मतदान घेतलंत तर आधी मतदारयादीवरून मारामारी होईल.

राइटबॅक_कोल्हापूर
बरं. सांगतो. स्क्रीनशॉट कुणी काढायचा नाही.
मागच्या सीझनला शेवटून दुसरी मॅच. हरलो तर खालच्या गटात जायची भीती. कोचनी आदल्या रात्रीच अकरा नावं लिहिली होती, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागच्या बाजूला. खोलीत आम्ही बूट बांधत होतो. तालमीच्या कारभाऱ्यांचा फोन आला. कोच बाहेर जाऊन बोलून आले, खिशातलं पेन काढलं आणि दोन नावं खोडून दुसरी दोन लिहिली. त्यातला एक जण तीन आठवडे प्रॅक्टिसला फिरकला नव्हता. खोडलेल्यात एक बारकं पोरगं होतं, अठराचं, त्यानं मोजेपण घातले होते. त्यानं ते काढून घडी करून बॅगेत ठेवले, काय बोललं नाही.
पहिल्या हाफमधेच दोन गोल खाल्ले. मध्यांतराला कोचनी ते पान किट बॅगवर ठेवलं आणि कट्ट्यावर जाऊन बसले. दुसरा हाफ कुणीच कोच नव्हता. मॅच हरलो. त्याच्या पुढची जिंकली म्हणून वरच्या गटात राहिलो.

मैदानवाली
हे आधी लिहिलं असतं तर निम्मे प्रतिसाद वाचले असते. आता माझं ऐका. कुणालाही आणा, पण आधी एका कागदावर तीन ओळी लिहा आणि कारभाऱ्यांची सही घ्या. अकरा नावं कोचची. महिन्यातल्या इतक्या प्रॅक्टिस चुकल्या तर मॅच नाही, मग तो कुणाचाही पुतण्या असो. मध्यांतरात खोलीत फक्त कोच आणि खेळाडू. गोवेकर सही मागेलच. अण्णा मागणार नाहीत, संकोच वाटेल त्यांना. म्हणून ती सही तुम्ही पोरांनी मागायची.

ठाणेकर_युनायटेड
सही वगैरे इंग्लंडात चालते. पेठेत कारभाऱ्याला सही माग म्हणजे बैठक तिथंच संपली.

मैदानवाली
मी मुख्याध्यापकांकडून घेतली आहे. त्याहून अवघड नसणार.

शिट्टीवाले_आजोबा
तीन आठवडे न आलेला तो खेळाडू आता काय म्हणतो? त्याला विचारलेत का?

रंकाळ्याचा_वारा
आणि राइटबॅक भावा, तू कुठल्या जागी खेळतोस ते नावात लिहिलंयस. खोडून जो घातला तो कुठल्या जागी होता?

राइटबॅक_कोल्हापूर
राइट बॅक.

सदाशिव_ऑफसाइड
अरेरे.

राइटबॅक_कोल्हापूर
कारभारी माझे सख्खे चुलते. मी फोन करा म्हणून सांगितलं नव्हतं. पण नकोपण म्हणालो नाही. दोन्ही गोल माझ्या बाजूनं झाले.

हिशेबी_काका
भाच्याचा बायोडेटा कोणत्या पत्त्यावर पाठवावा?

राइटबॅक_कोल्हापूर
बैठक झाली. रात्री साडेअकरापर्यंत चालली. कागद मी पुढं केला. चुलते माझ्याकडं असं बघत होते की आज घरी जेवाण नाही. अण्णा कोपऱ्यात बसले होते, तो कागद त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ह्यावर सही झाली तर येतो, नाहीतर त्या गोव्याच्या पाहुण्याला फोन लावा, मी स्वतः स्टेशनवर न्यायला जातो. चुलत्यांनी सही केली. पेन टेबलावर आपटलं, पण केली. गोवेकरांना तसं कळवलं.
निघताना अण्णा मला म्हणाले, ते मोजेवालं पोरगं राइट बॅकला खेळणार हाय, तुला जागा पायजे असली तर उद्या पहाटे साडेपाचला ये.
आता दुसरा प्रश्न. तीन आठवड्यांत दम वाढवायला काय करावं? लवकर सांगा.

पिंडरी_तज्ज्ञ
वय, वजन, आणि बूट कोणते आहेत? काहीच लिहिलेले नाही.