पिट्टी बेटावर साधी मर्यादवेलही का नाही?

गुहागरकर: मार्चात लक्षद्वीपला, कवरत्ती बेटावर गेलो होतो. वायव्येला 24 किमीवर पिट्टी आहे, ते बोटवाल्याने लांबून दाखवलं. पांढरी रेघ आणि तिच्यावर पक्ष्यांचा गोंगाट, बस्स. पक्षी अभयारण्य, त्यामुळे उतरायचा प्रश्नच नव्हता. क्षेत्रफळ म्हणे तीन एकर, आमच्या आंब्याच्या बागेपेक्षा कमी! पण आमच्याकडे वाळूचा ढीग दोन वर्षं तसाच राहिला तर त्यावर मर्यादवेल, ती किनाऱ्यावर पसरणारी वेल, चढते. तिथे हिरवं पानही नाही. का?

निवृत्त_मास्तर: तुमच्या वाळूत नद्यांनी आणलेला दगडाचा चुरा असतो. तिथे नदीच नाही. ती वाळू म्हणजे प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी शेवाळाचा भुगा. त्यातला बराचसा पोपटमाशाच्या पोटातून आलेला. प्रवाळ कुरतडतो, पचत नाही ते मागून सोडतो. (वर्गात हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं वाया.)

पण खरी अडचण जमिनीची नाही, मुक्कामाची आहे. इतक्या बुटक्या पट्ट्यावरून नैर्ऋत्य पावसाळ्यात लाटा आरपार जातात, इकडची वाळू तिकडे नेतात. रोप रुजेपर्यंत जागाच हलते.

आणि गोडं पाणी. बेटाच्या वाळूत पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर फूटभर साठलं तर खाली साधारण 40 फूट. म्हणून कवरत्तीत विहिरी आहेत. तीन एकरांत, तेही वरून खारं पाणी फिरत असताना, काय साठणार? सुरय आणि नॉडी या समुद्रपक्ष्यांना मात्र हेच हवं. झाड नाही, उंदीर नाही, अंडी थेट वाळूवर.

कालवण: अशी बेटं नाहीशी होतात, हे खरं का?

निवृत्त_मास्तर: होतात. लक्षद्वीपातल्याच बंगाराम बेटाजवळचं परळी-1 हे 1968 मध्ये 3.2 हेक्टर होतं. 2017 च्या अभ्यासात शून्य.

गुहागरकर: मग आपल्या अँग्रिया बँकेवर, म्हणजे समुद्रात बुडालेल्या त्या उंचवट्यावर, असं बेट का नाही? प्रवाळ तर तिथेही आहे, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर.

निवृत्त_मास्तर: तिचा माथाच पाण्याखाली 20 मीटर. लाट वाळू ढकलून वर काढते ती प्रवाळाच्या उथळ कडेवर, इतक्या खोलातून नाही. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं, बेट नाही मिळालं.