एकच हायवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत : तुमचे अनुभव लिहा

राऊवाला

इंदूरात निम्म्या गावाचा पत्ता 'ए.बी. रोड', म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड, असतो. पलासियाच्या सिग्नलला उभं असताना हाच रस्ता एकीकडे आग्र्याला आणि दुसरीकडे मुंबईला जातो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. डोक्यात फक्त पुढची ई-रिक्षा असते. परवा आमच्याकडे चार मंडळी जमली होती. गप्पा गाड्यांवरून रस्त्यांवर आल्या आणि कळलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांनी एखादा हायवे पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत सलग केलेला आहे. म्हणून हा धागा.

अटी फार नाहीत. मुक्काम हवे तेवढे करा, पण अर्धा रस्ता या दिवाळीत आणि उरलेला पुढच्या मे महिन्यात, असं चालणार नाही. लांबीची अट नाही. गाडी स्वतः चालवलेली असावी, निदान शेजारच्या सीटवर जागं तरी राहिलेलं असावं. फोटो कमी, मजकूर जास्त.

सुरुवात मीच करतो. आग्रा ते मुंबई, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग 3, साधारण 1160 किलोमीटर. आग्र्याला जाताना मुद्दाम उज्जैन-कोट्यावरून गेलो, कारण परतीचा रस्ता उष्टा नको होता. आग्रा सोडलं की धौलपूरनंतर चंबळेचा पूल आणि दोन्ही बाजूंना बीहड, म्हणजे मातीच्या खोल घळी. मुरैन्यात गजक घेतली, ती ग्वाल्हेरपर्यंतही टिकली नाही. शिवपुरीजवळ रस्ता माधव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून जातो, तिथे वेग आपोआप उतरतो. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्या बघायला थांबलोच. आपण मराठी माणसं या रस्त्याने जातो आणि लक्षात घेत नाही, पण ग्वाल्हेरला शिंदे, देवासला पवार, इंदूरला होळकर, आणि खाली नाशिक जिल्ह्यात चांदवडला परत होळकरांचाच रंगमहाल. सगळी सरदार मंडळी एकाच रस्त्याच्या कडेला बसलेली.

गुना ते ब्यावरा कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. शाजापूर-मक्सीपासून काळी माती दिसायला लागते आणि माळव्यात आल्यासारखं वाटतं. इंदूरला आल्यावर प्रश्न पडला, घरी झोपायचं का? मुलगा म्हणाला, घरी झोपलो तर ट्रिप तुटली. बायको म्हणाली, स्वतःचं घर असताना हॉटेलला पैसे देणारा माणूस मी बघितलेला नाही. घरीच झोपलो. सकाळी पोहे-जलेबी खाऊन पुढे.

खरा रस्ता मानपूरनंतर सुरू होतो. एका दमात माळव्याचं पठार उतरून निमाडात येतो आपण, कानात दडे बसतात आणि गाडीचा एसी वाढवावा लागतो. खलघाटला नर्मदा. मग ठीकरी, जुलवानिया, सेंधवा. सेंधव्याला कापसाच्या गाड्यांची रांग होती. बिजासन घाटात देवीपुढे ट्रकवाले थांबतात, आम्हीही थांबलो. खाली उतरलं की महाराष्ट्र. पोह्यांवरचा जिरावन मसाला सेंधव्यापर्यंतच, शिरपूरपासून शेवभाजीचं राज्य. सावळद्याला तापी ओलांडली. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी दिसली की बायकोला गाडीत बसवून ठेवणं अशक्य, तेव्हा एक घंगाळ डिकीत आलं. पुढे धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट.

शेवट कुठे धरायचा यावर गाडीत वाद झाला. मी ठाण्याहून थेट एल.बी.एस. मार्ग धरला आणि सायनपर्यंत गेलो. मुंबईकर ज्याला एल.बी.एस. म्हणतात तो जुना आग्रा रोडच. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तो शेवटचा तुकडा आख्ख्या चंबळेपेक्षा जास्त दमवतो. पण तो सोडला असता तर प्रवास अपुरा राहिला असता.

नंबरी

काका, मस्त. पण हा हायवे नाहीच! 2010 ला सगळे नंबर बदलले. तुमच्या रस्त्याचा आग्रा-ग्वाल्हेर तुकडा आता 44 मध्ये, ग्वाल्हेर-ब्यावरा 46 मध्ये, ब्यावरा-धुळे 52 मध्ये, धुळे-नाशिक 60 मध्ये. आणि आजचा एनएच 3 बघायचा तर अटारीहून मनाली करत लेहला जावं लागेल. तुम्ही केलेत ते चार-पाच हायवेंचे तुकडे.

राऊवाला

अरे, रस्ता आधी की नंबर आधी? होळकरांच्या वेळी कुठला नंबर होता?

नंबरी

तोच तर मुद्दा. मी रस्ता नाही केला, नंबर केला. एनएच 52, पंजाबातलं संगरूर ते कर्नाटकातलं अंकोला, 2300 किलोमीटरच्या आसपास. आपल्या दारावरून जातो म्हणून हाच निवडला. नंबरांची रीत ठाऊक असली की नकाशा वाचायला मजा येते : सम आकडे उत्तर-दक्षिण, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. विषम आकडे पूर्व-पश्चिम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन आकडी असला तर शेवटचे दोन आकडे मुख्य हायवेचे.

संगरूरला पोचायलाच आपल्याला अर्धा देश पार करावा लागतो, ते कुणी मोजत नाही. हिसारपर्यंत सपाट शेती. चुरूला आलो की दोन्ही बाजूंना वाळू, रस्त्याच्या कडेला खेजडीची झाडं, आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटले. सीकर, जयपूर, टोंक, कोटा. कोट्याच्या पुढे 'दरा' नावाची अरुंद खिंड आहे. तिथला जाम हा स्वतंत्र धाग्याचा विषय होईल. आम्ही इंजिन बंद करून रस्त्यावर पत्ते खेळलो, खरंच. मागच्या ट्रकवाल्याने आम्हाला चहा पाजला आणि हुकूम कुठला ते विचारून खेळात सामील झाला.

ब्यावऱ्यापासून धुळ्यापर्यंत काकांनी लिहिलंच आहे. धुळ्याला ते नाशिककडे वळले, मी चाळीसगावकडे. कन्नडचा घाट अरुंद आहे. जड वाहनांना बंदी असल्यामुळे आम्हाला मोकळा मिळाला, पण वळणांवर हॉर्न द्यायची सवय नसेल तर तिथे लागते. मग वेरूळ, दौलताबाद, बीड, सोलापूर. सोलापुरात शेंगाची चटणी घेतली ती अंकोल्यापर्यंत पुरली, नंतर माशांबरोबरही खाल्ली. हसू नका. विजापूरच्या पुढे सूर्यफुलं, हुबळीनंतर यल्लापूरचं जंगल, आणि अरबैल घाट उतरला की दमट वारा काचेवर.

अंकोल्याला 52 सरळ 66 ला जाऊन मिळतो. कमान नाही, बोर्ड नाही. मित्र म्हणाला, 'एवढंच?' मी म्हटलं, मग काय बँड हवा होता? चुरूच्या वाळूतून निघून अंकोल्याच्या वाळूत पाय ठेवला, रस्ता एकच. माझं समाधान झालं.

बऱ्हाणपूरची लेक

माझा हायवे तुमच्यासमोर अगदीच चिमुकला. इंदूर-इच्छापूर. लांबीची अट नाही म्हटलंत म्हणून लिहितेय. माहेर बऱ्हाणपूर, त्यामुळे तिथपर्यंत हजारदा जाणं झालं, पण पुढे इच्छापूरपर्यंत कधी जातच नव्हतो. माहेरी पोचलं की गाडी बंद. यंदा देवीच्या दर्शनाला म्हणून टोकापर्यंत गेले, गाडी मीच चालवली. सिमरोल, चोरल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, सनावद, मग आशेरगड. मोरटक्क्याला सासूबाईंनी खिडकीतून नाणं टाकलं, ते पुलाच्या कठड्यावर आपटून परत गाडीत आलं. तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले. हो, चौपदरीचं आणि बोगद्यांचं काम बघून घ्या. भेरूघाटाची वळणं ज्यांना लक्षात ठेवायची असतील त्यांनी लवकर जावं. बऱ्हाणपूरची मावा जलेबी परतीला घ्यावी, जाताना घेतली तर इच्छापूरला पोचत नाही.

लोहामंडी

सगळं वाचतोय. आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा, वडिलांपासून. तुम्ही ज्याला अनुभव म्हणता ते आमचे ड्रायव्हर पोटासाठी करतात. आमचा एक जुना ड्रायव्हर 27 नंबरच्या हायवेवर पोरबंदरहून आसामातल्या सिलचरपर्यंत गेलेला आहे, 3500 किलोमीटरच्या आसपास. कसं वाटलं विचारलं तर म्हणाला, 'टायर घासले.'

एक कामाची गोष्ट सांगतो, कारण वर कुणी लिहिली नाही. मानपूर ते धामनोद उतरताना जो गणपती घाट, तिथे इतके अपघात का झाले? डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबून ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. चाळीस टनांची गाडी मग कुणाची नसते. आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा, कमी उताराचा रस्ता काढलाय, फरक पडला आहे. पण नियम कारलाही तोच : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि घाटात भरलेल्या ट्रकच्या पुढ्यात शिरून ब्रेक मारू नका. तो थांबू शकत नाही.

मोबाईलमध्ये 1033 सेव्ह करून ठेवा, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे. क्रेन, अ‍ॅम्ब्युलन्स दोन्हींसाठी.

मेथीचे_लाडू

दादा, हे वरती पिन करा कुणीतरी.

टोलचं काय करता सगळे? आम्ही बजेट काढलं तर पेट्रोलइतकाच टोल.

नंबरी

खाजगी गाडी असेल तर फास्टॅगचा वर्षाचा पास घ्या. ऑगस्ट 2025 पासून आहे, सुरू झाला तेव्हा 3000 रुपये होता, वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेच्या नाक्यांवर चालतो. राज्याच्या रस्त्यावर नेहमीसारखे पैसे कापले जातात, तेव्हा बॅलन्स ठेवा.

मेथीचे_लाडू

धन्यवाद! मग माझाही लिहिते, एनएच 47. गुजरातेतलं बामणबोर ते नागपूर. माहेर नागपूरचं, सासर इंदूरचं, त्यामुळे पूर्वेकडचा अर्धा पाठ. नेमावरला नर्मदा लागते, तिथे नदीचं नाभिस्थान मानतात, सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे. बैतूलनंतर मुलताई, तिथे तापीचा उगम. एका रस्त्यावर एक नदी ऐन मध्यात भेटते आणि दुसरी जन्माला येताना. पांढुर्ण्यापासून लोक मराठीतच बोलायला लागतात आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, नवरा बिचारा गप्प.

पश्चिमेकडचा अर्धा मात्र पहिल्यांदाच केला. होळीच्या आधीच्या आठवड्यात निघालो हे नशीबच. दाहोद सोडून झाबुआच्या बाजूला आलो आणि भगोरियाच्या हाटाला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजार-जत्रेला, निघालेली माणसं रस्ताभर. जीपच्या टपावर, ट्रॅक्टरवर, पायी. ढोल, बासऱ्या, एकाच रंगाचे कपडे घातलेल्या मुलींचे घोळके, चांदीचे दागिने. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती आणि कुणाला घाई नव्हती. एका आजींनी खिडकीतून मुलीच्या गालाला गुलाल लावला. पुढचा माछलिया घाट अंधारात करावा लागला, तो मला आवडला नाही. जाणाऱ्यांनी उजेडात करावा.

कन्याकुमारी_रिटर्न

44 कुणीच लिहिला नाही? देशातला सगळ्यात लांब, श्रीनगर ते कन्याकुमारी, साडेतीन हजारांच्या वर. आई-बाबांना घेऊन केला. त्यामुळे आमचं वेळापत्रक बाबांच्या इन्सुलिनवर चालायचं, गुगलवर नाही.

काझीगुंड-बनिहालचा बोगदा साडेआठ किलोमीटरचा, आणि पुढे चेनानी-नाशरी सव्वानऊचा. आई दोन्हींमध्ये रामरक्षा म्हणत होती, दुसऱ्यात ती दोनदा झाली. पंजाब-हरियाणा जेवणात गेला. दिल्लीबद्दल मी काही लिहिणार नाही. सागरच्या पुढे, विशेषतः सिवनी ते नागपूर, पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलून प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. बाबा सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, ते उतरून ते खांब बघत बसले, वाघापेक्षा त्यांना त्यात रस.

हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर या पट्ट्यात रस्ता इतका चांगला आहे की झोप येते, तेच त्याचं धोक्याचं. दर दोन तासांनी उतरायचंच, असा बाबांचा हुकूम होता. तिरुनेलवेलीनंतर मुप्पंदलच्या पवनचक्क्या. वारा असा की कारचं दार उघडून धरता येईना, आईची टोपी गेली ती गेलीच.

राऊवाला

44 बायपासने केला की गावांतून?

कन्याकुमारी_रिटर्न

बायपासने. नंबर बायपासवरून जातो हो काका! ग्वाल्हेरच्या किल्ल्यासाठी आत गेलो, तेवढं धरू नका.

राऊवाला

आम्ही शिवपुरीला आत गेलो होतो, तेही धरू नका. फिटंफाट.

सिलचर_बघायचंय

लोहामंडी दादा, तुमच्या ड्रायव्हरला विचारून सांगाल का? पोरबंदर ते सिलचर करायचा बेत आहे, मुलांच्या सुट्टीत, म्हणजे जूनमध्ये. हाफलाँगकडचा रस्ता कसा असतो?

लोहामंडी

विचारलं. जूनमध्ये नको म्हणतो. लुमडिंगच्या पुढे डोंगराचा भाग, पावसात दरडी येतात, 2022 ला तर तिकडे रस्ता-रेल्वे दोन्ही तुटले होते. दिवाळीनंतर जा. कोटा, शिवपुरी, झाशी, कानपूर, लखनौ करत गोरखपूरपर्यंत काही अडचण नाही. बिहारात कोसीच्या पट्ट्यात धुकं असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीही टाळा. नोव्हेंबर सगळ्यात बरा. मुलांची शाळा बुडेल, ते तुम्ही बघा.