एक्स-रे स्वच्छ, तरी नडगी दुखतेच. भरतीवाल्या भावासाठी मदत हवी आहे

धाकटा भाऊ, वय 20, पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे रंकाळ्याच्या कडेनं डांबरीवर पळतो, संध्याकाळी परत 1600 मीटर वेळ लावून. मध्यंतरी पळणं एकदम दुप्पट केलं आणि उजवी नडगी धरली. आधी पळून झाल्यावर ठणकायची, आता जिना उतरतानाही. आतल्या बाजूला रुपयाएवढी एकच जागा आहे. तिथं बोट टेकवलं की पाय ओढून घेतो.

एक्स-रेत काही नाही. स्नायू ताणलाय म्हणून गोळ्या आणि मलम मिळालं. गोळी घेतली की दुखायचं थांबतं आणि हा गडी परत बूट घालतो! वडील म्हणतात, हाडवैद्याकडं नेऊन चोळून घेऊ.

एमआरआय खरंच लागेल का? सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जावं की खाजगीत? तोवर सायकल चालेल का?

प्रतिसाद १
दादा, चोळून अजिबात घेऊ नका. मी फिजिओ आहे. नुसती नडगी भरली असेल तर दुखणं हाडाच्या कडेनं वीतभर पसरतं. एकाच जागी बोट ठेवता येत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. ही चीर पहिले 2-3 आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये लवकर कळते. सीपीआर काय, खाजगी काय, हाडांचे डॉक्टर असावेत आणि पळणं कसं वाढवलं ते त्यांना नीट सांगा. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

आतल्या-मागच्या बाजूची चीर साधारण 6 ते 8 आठवडे पळणं बंद ठेवलं की भरते. नडगीच्या पुढच्या धारेवर असेल तर मात्र हयगय नको. तिथं रक्तपुरवठा कमी, ताण जास्त. महिनोन्महिने जातात, कधी हाडात रॉड घालावा लागतो. सायकल डॉक्टरांना विचारूनच, आणि दुखत नसेल तरच. गोळी खाऊन पळणं आजपासून बंद!

धागाकर्ता
धन्यवाद ताई. उद्याची वेळ घेतली, बूट माळ्यावर टाकलेत. 8 आठवड्यांनी लगेच 1600 मारू दे का? भरतीची मैदानी चाचणी कधी लागेल याचा नेम नाही.

प्रतिसाद १
नाही हो. आधी न दुखता चालणं, बोट दाबून दुखत नाही ना ते बघणं, मग थोडं चालत थोडं पळत, तेही मातीवर. दुखलं की एक पायरी मागं. वेळ लावून पळणं सगळ्यात शेवटी.